कर्ण्यापुढचे गायन

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात शिरलेल्या आवाजाच्या निव्वळ जोराने पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या तबकडीवर खाच कोरत जाई. पातळी नंतर वाढवता येत नसल्याने कर्ण्यापासूनचे अंतर हेच ‘मिक्सिंग’चे, म्हणजे गळा आणि वाद्ये यांचा तोल साधण्याचे, मुख्य साधन होते, आणि त्यातही मंद्र स्वर व वाद्यांची बारीक आस बव्हंशी हरवत असे. अशा स्थितीत सुमारे तीन मिनिटांत रागरूप उभे करण्याची गौहर जान यांची हातोटी खरोखर थक्क करणारी आहे. विद्युत् ध्वनिमुद्रण १९२५ पासून रूढ होऊ लागले; त्याआधीच्या तबकड्या ऐकताना रसिकांनी ही मर्यादा अवश्य ध्यानात घ्यावी.