मनगटावरचे घड्याळ आणि खारे पाणी

कल्हई नसलेल्या भांड्यात मीठ-आंबट पडले की ते कळकते, हे पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत, जेथे तांब्याच्या पत्र्यावर मठारकामाचा ठोका आजही ऐकू येतो, कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु त्याच पेठेतील जो तरुण तलावातला सराव संपवून मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धेस निघतो, त्याच्या मनगटावरील स्मार्टवॉचलाही तोच नियम लागू आहे, याची जाणीव मात्र क्वचितच आढळते.

घड्याळ घेऊन समुद्रात उतरण्याची कल्पना नवी नव्हे. 1927 च्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्रज तरुणीने इंग्लिश खाडी पोहण्याचा पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा तिच्या गळ्यात रोलेक्सचे ऑयस्टर घड्याळ होते. कडाक्याच्या थंडीने तिला प्रयत्न अर्ध्यावर सोडावा लागला, पण घड्याळ चालत राहिले. त्या खाडीसह जगातील सात दुर्घट सागरी मार्ग पोहून जाण्याचा संकल्प पुण्याच्या रोहन मोरे यांनी फेब्रुवारी 2018 मध्ये सिद्धीस नेला, आणि तेव्हापासून घाटमाथ्याच्या अलीकडे राहणाऱ्या मुलांनाही समुद्र परका वाटेनासा झाला आहे.

आता घड्याळाच्या पाठीवरील ‘5 एटीएम’ या शिक्क्याचा अर्थ पाहू. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, म्हणून हा शिक्का पन्नास मीटरच्या स्थिर दाबाची हमी देतो. पण ती प्रयोगशाळेतील, नव्या कोऱ्या घड्याळाची हमी आहे. पृष्ठभागावर पोहण्यास ती पुरते. पाणबुड्यांचे काम मात्र वेगळे, आणि त्यांच्या घड्याळांची कसोटीही वेगळी. केवळ ‘आयपी68’ असे लिहिलेले घड्याळ समुद्रात नेऊ नये, कारण ती परीक्षा गोड्या, निश्चल पाण्यात घेतलेली असते. शिवाय आतील रबरी कडी कायमची टिकत नाही. साबण, उन्हापासून बचावाचे मलम आणि गरम वाफ यांनी ती झिजते.

उपग्रहांचे संकेत पाण्याखाली पोहोचत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. फ्रीस्टाइलमध्ये प्रत्येक हातामागे मनगट क्षणभर हवेत येते, आणि तेवढ्या अवधीत घड्याळ आपली जागा टिपून घेऊन पुढचा मार्ग जोडते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मनगट बुडालेलेच राहत असल्याने नकाशावर वेड्यावाकड्या रेषा उमटतात. घड्याळ आणि त्वचा यांच्यामध्ये शिरलेल्या पाण्यामुळे हृदयाचे ठोके मोजणारा हिरवा प्रकाश फसतो. म्हणून फ्रीस्टाइलमधील अंतराची नोंद सरावाच्या वहीत बेलाशक लिहावी, ठोक्यांचा आकडा मात्र ग्राह्य धरू नये; आणि सोबतीच्या होडीची वा जीवरक्षकाची जबाबदारी कोणत्याही घड्याळावर कदापि सोपवू नये. पाण्याच्या स्पर्शाने पडदा आपोआप दाबला जाऊन नोंद मध्येच बंद पडते, यास्तव उतरण्यापूर्वी वॉटर लॉक लावणे अगत्याचे आहे.

खरी हानी होते ती बाहेर आल्यावर. एक लिटर समुद्रजलात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकते, क्षार उरतात, आणि बटणांच्या फटीत, पट्ट्याच्या पिनेपाशी, चार्जिंगच्या धातूच्या ठिपक्यांवर त्यांचे पांढुरके कण बसतात. हे ठिपके ओले व खारट असताना घड्याळ चार्जरवर ठेवले, तर वाहत्या विजेने धातू झपाट्याने खाल्ला जातो, आणि अशा नुकसानीस हमीपत्र सहसा आपले म्हणत नाही. म्हणून किनाऱ्यावर येताच घड्याळ नळाच्या गोड्या पाण्याखाली धरावे, बटणे हलकेच चोळून धुवावीत, पट्टा काढून मऊ फडक्याने पुसावे आणि पुरते कोरडे झाल्यावरच चार्जरला लावावे. चामड्याचा पट्टा तर घरीच ठेवावा.

मालवणला निघण्यापूर्वी घड्याळाच्या पाठीवरचा शिक्का एकदा वाचून पाहावा, आणि परतीची एसटी गाठण्याच्या घाईत गोड्या पाण्याची ती दोन मिनिटे वगळू नयेत, एवढीच पोहणाऱ्यांना विनंती.