रोध जे सांगत नाही

अर्धवाहकाच्या तुकड्याचा रोध मोजणं सोपं आहे, पण त्या एका आकड्यात दोन गोष्टी बेमालूम मिसळलेल्या असतात: वीज वाहणारे कण किती आणि ते किती चपळ. कण थोडे पण चपळ, किंवा पुष्कळ पण सुस्त. रोध दोन्हीकडे सारखाच येऊ शकतो. ही गाठ सोडवणारा प्रयोग १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या विद्यार्थ्याने केला. चुंबकाचं बल तारेवर पडतं, आतल्या प्रवाहावर नाही, असं भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने लिहून ठेवलं होतं. हॉलला ते पटेना. काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खातून त्याने वीज सोडली, वर्खाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं, आणि आडव्या दिशेला इवलासा व्होल्टेज मिळाला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अठरा वर्षं अवकाश होता!

चुंबकामुळे वाहते कण एका कडेला ढकलले जातात, तिथे भार साचतो आणि मागून येणाऱ्यांना थोपवतो. तोल साधला की जो व्होल्टेज उरतो तो हॉलचा. कण कमी असतील तर तेवढाच प्रवाह न्यायला त्यांना वेगाने धावावं लागतं, म्हणून व्होल्टेजही वाढतो. अर्धा मिलिमीटर जाड सिलिकॉनमध्ये घनसेंटिमीटरला १०^१६ कण असतील, तर १ मिलिअँपिअर प्रवाह आणि अर्धा टेस्ला क्षेत्र यांत सुमारे ०.६ मिलिव्होल्ट मिळतात. तेवढ्याच तांब्यात व्होल्टचा दहा अब्जावा भागही मिळत नाही. आता व्होल्टेजवरून निघालेल्या कणांच्या संख्येला रोधाची जोड दिली की चपळाई निघते. शिवाय व्होल्टेजच्या चिन्हावरून वाहक ऋण इलेक्ट्रॉन आहेत की धन होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा), हेही कळतं. रोध याबाबत मुका.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. व्होल्टेज मोजणारी दोन टोकं अगदी समोरासमोर जोडली गेली नाहीत, तर चुंबकाशिवायही व्होल्टेज दिसतो. त्यावर उपाय सोपा: चुंबक उलटा करून पुन्हा मोजायचं. हॉलचा भाग चिन्ह बदलतो, जोडणीचा बदलत नाही. दोन्हींची वजाबाकी करून निम्मं केलं की झालं. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. इलेक्ट्रॉन आणि होल दोघंही वाहत असतील तर चिन्ह फसवतं. इंडियम अँटिमोनाइडमध्ये इलेक्ट्रॉन होलपेक्षा कितीतरी चपळ असतात. त्याचा होलबहुल तुकडा तापवला की होल अजून संख्येने जास्त असतानाच चिन्ह पलटतं. म्हणून एकाच तापमानाच्या मोजणीवर विसंबू नये. वेगवेगळ्या तापमानांना मोजलं, तर चिन्ह नेमकं कुठे पलटतं यावरूनच दोघांच्या चपळाईच्या गुणोत्तराचा अंदाज बांधता येतो.