बंदच्या दिवसाची खतावणी

2024 साली लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं. 2005 सालीही तसंच झालं होतं. बेळगावातल्या मराठी दुकानदाराला ही तारीख कॅलेंडर न बघता पाठ असते. 1956 साली याच दिवशी बेळगाव, निपाणी, खानापूरचा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून मराठी माणूस इथे काळा दिन पाळतो आणि त्याच दिवशी शहरातून राज्योत्सवाची मिरवणूक निघते. एकाचा हरताळ, दुसऱ्याचा उत्सव आणि मध्ये पोलिसांचा बंदोबस्त. चोपडीपूजनाच्या दिवशी दुकान उघडावं की बंद ठेवावं, याचा कौल दोन मिरवणुकांच्या वेळा बघून घ्यायचा, अशी पाळी किती पेठांवर येत असेल?

सीमाप्रश्नावर लिहिलं गेलं ते नकाशावर, आयोगावर, हुतात्म्यांवर. ते लिहायलाच हवं होतं. बंदच्या दिवशी पेठेचं आणि गल्लीचं काय होतं, त्याची खतावणी मात्र कुणी मांडली नाही. ती मांडायची तर बेळगावपेक्षा संकेश्वरपासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

संकेश्वर हे नाक्यावरचं गाव. पुणे-बंगळुरू महामार्ग इथून जातो आणि गडहिंग्लज, आजरा, आंबोलीवरून बांद्याला उतरणारा रस्ता इथेच फुटतो. जिल्हा बेळगाव, तालुका हुक्केरी, नदी हिरण्यकेशी. ही नदी आंबोलीला उगम पावते, आजरा-गडहिंग्लज करत इथे येते, आणि गिऱ्हाईकही तिच्याच वाटेनं येतं. गडहिंग्लज जेमतेम पंधरा किलोमीटर, पण ते महाराष्ट्रात. बाजारात एका वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही ऐकू येतात आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. संकेश्वरी मिरचीचंच बघा. नाव कर्नाटकातल्या गावाचं, पण तिचं पीक मोठ्या प्रमाणावर गडहिंग्लज भागातल्या रानात येतं, सौदे गडहिंग्लजच्या बाजार समितीत होतात आणि ती कुटली जाते कोल्हापूरकडच्या कांदा-लसूण मसाल्यात. सीमा तिच्या देठाजवळून जाते की टोकाजवळून, हे आजवर कुठल्या अडत्यानं विचारलेलं नाही.

मोठ्या दंगलीसाठी हे गाव ओळखलं जात नाही. तरीही दर वेळी झळ इथे पोचते, कारण ती रस्त्यानं येते. 6 डिसेंबर 2022 रोजी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या ट्रकांवर दगडफेक झाली. तो नाका बेळगावच्याही पलीकडे, संकेश्वरपासून सत्तरेक किलोमीटरवर. पण एस.टी.नं कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या, पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं आणि सीमेवरची वर्दळ आटली. 14 डिसेंबरला अमित शहांनी दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं. महिना संपण्याआधी दोन्ही विधिमंडळांनी आपापले ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात 865 गावं होती. त्या गावांतल्या दुकानांविषयी कुठल्याच ठरावात चकार शब्द नव्हता.

पुन्हा 21 फेब्रुवारी 2025. बेळगावजवळ बाळेकुंद्रीच्या बसमध्ये मराठीत बोलण्यावरून वाद झाला आणि कंडक्टरला मारहाण झाली. त्याच रात्री चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसच्या चालकाला काळं फासण्यात आलं. दोन्हीकडच्या गाड्या परत अडल्या, आणि 22 मार्चला कर्नाटक बंद झाला. हे दिवस कुठले? उन्हाळी मसाल्याची मिरची खरेदी करण्याचे आणि लग्नसराईचे.

गाडी थांबली की काय थांबतं, ते पायरीपायरीनं बघावं. पहिला फटका स्टँडवरच्यांना बसतो: चहावाला, केळीवाली, भडंगवाला. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे उतरणारा प्रवासी, दुसरं कुणी नाही. त्यांची भवानीच होत नाही. मग हमाल. त्याची मजुरी पोत्यावर ठरते, पोतं आलं नाही तर घरी चूल कशावर पेटायची? त्यानंतर कापडवाला. त्याचं नुकसान त्या दिवशी दिसतच नाही आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठं असतं. सीमेपलीकडच्या खेड्यातलं एखादं घर पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचा बस्ता संकेश्वरात बांधत आलेलं असतं. गाड्या बंद म्हणून एका लग्नाचा बस्ता ते गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला बांधतं. पुढच्या लग्नात गाड्या सुरू असतात, पण घर तिकडेच जातं. फुटलेली काच आठवड्यात बसवता येते, तुटलेलं गिऱ्हाईक परत जोडायला एक पिढी लागते. त्यात उधारीही अडकते, कारण सुगीनंतर पैसे आणून देणारा माणूस वडापला दुप्पट भाडं मोजून उधारी फेडायला येत नाही. आणि पेठेवर राहणाऱ्या घरांतली रोजची अडचण वेगळीच: दूध उशिरा येतं, पलीकडच्या दवाखान्यातली तारीख चुकते, कॉलेजला जाणारी मुलगी चार दिवस घरी बसते.

निपाणीत हेच विड्यांच्या रूपात दिसतं. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर असते. कारखान्यातून पान-तंबाखू मिळाला नाही, की त्या दिवसाचा हजार गेला. तो भरून काढायला तिच्याकडे सुट्टीचा दिवस नसतो.

हे काही कालपरवाचं नाही. जानेवारी 1956 मधल्या गोळीबारांत बेळगावात माणसं पडली, निपाणीत कमळाबाई मोहिते पडल्या. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ महामार्ग तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवला आणि शेवट 6 एप्रिलच्या गोळीबारात झाला. तो लढा भाषेचा नव्हता, भावाचा होता. त्यात मराठी आणि कानडी शेतकरी एकाच डांबरावर बसले होते, आणि रस्त्यावर बसलेला तो शेतकरी म्हणजेच निपाणीच्या पेठेचं गिऱ्हाईक होता. जून 1986 मध्ये कन्नडसक्तीविरोधातल्या आंदोलनात बेळगाव परिसरात नऊ जणांचे बळी गेले, तेही शाळा उघडण्याच्या आणि मिरगाच्या तोंडावर, जेव्हा वह्या, छत्र्या, बी-बियाणं विकायचं असतं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. फेब्रुवारी 1969 मध्ये याच प्रश्नावर मुंबई पेटली, पन्नासहून अधिक माणसं गेली. उडप्यांच्या हॉटेलांवर हल्ले झाले. बेळगावशी काडीचा संबंध नसलेल्या, दक्षिण कॅनरातून पोटासाठी आलेल्या त्या हॉटेलवाल्यांनी सीमाप्रश्नाची किंमत मोजली. सीमाप्रश्नावर माझं मत सीमाभागातल्या मराठी माणसाचं आहे आणि ते मी दडवत नाही. पण ती हॉटेलं फोडणं अन्याय होता, आणि हिरेबागेवाडीला ट्रक फोडणंही अन्यायच.

पाट्यांचा खर्च आणखी निराळा. 2024 च्या कायदादुरुस्तीनं कर्नाटकात दुकानाच्या फलकावर 60 टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. मोठ्या शोरूमला तो किरकोळ खर्च. किराणावाल्याला तो महिन्याच्या नफ्यातून काढावा लागतो, आणि फलक आपल्या मर्जीनं रंगवता येत नाही हे मनाला लागतं ते वेगळंच.

भरपाई कुठून मिळते? आगीच्या विम्यात दंगल, संप आणि मुद्दाम केलेली नासधूस धरलेली असते. पण ती भरपाई फुटलेल्या वस्तूची. काही न फुटता रिकाम्या राहिलेल्या गल्ल्याला विमा नाही. सक्तीचा बंद घटनाबाह्य असल्याचा केरळ उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये उचलून धरला. 2003 च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं पुढच्या वर्षी शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी 20 लाखांचा दंड केला. सीमाभागातल्या केळीवालीपर्यंत यातलं काही पोचलेलं नाही.

महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा चालू आहे. तो कधी सुटायचा तेव्हा सुटेल. तोवर दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. गडहिंग्लज-संकेश्वर आणि कागल-निपाणी या जवळच्या फेऱ्या दोन्ही परिवहन महामंडळांनी तणावाच्या काळातही पोलीस बंदोबस्तात चालू ठेवाव्यात. आणि निपाणी, संकेश्वर, बेळगावच्या व्यापारी संघटनांनी एक वही घालावी: किती दिवस शटर खाली राहिलं, किती माल सडला, किती हमालांचा रोज बुडाला. दोन्ही भाषांत लिहावी, दोन्ही सरकारांना द्यावी. येत्या 1 नोव्हेंबरपूर्वी तिचं पहिलं पान लिहून व्हावं.