आठ बोटांच्या माणसाची चूल

येर्टवर्ड मॅझमेनियन या नावाने त्याला गोव्यातल्या हणजुण्यात फारसं कुणी हाक मारली नसणार. एका हाताला पाच बोटं, दुसऱ्याला तीनच, म्हणून तो ‘एट फिंगर एडी’. १९२४ साली अमेरिकेत एका आर्मेनियन कुटुंबात जन्मला, जाझच्या वाद्यवृंदांतून डबल बास वाजवत हिंडला, चाळिशीत, साठच्या दशकाच्या मध्याला गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन टेकला आणि १८ ऑक्टोबर २०१० रोजी गोव्यातच वारला. मधल्या काळात त्याने नोकरी धरली नाही, आश्रम काढला नाही, गादी चालवली नाही. त्याने एक चूल पेटती ठेवली. कफल्लक होऊन आलेल्या परक्या पोरांना त्याच्याकडे फुकट सूप मिळे, खिचडीवजा लापशी मिळे, आणि पडायला ओसरी मिळे. गोव्यावर लिहिणारे लोक पार्ट्यांवर पानंच्या पानं खर्च करतात. माझं मन गेली कित्येक वर्षं या चुलीपाशी अडकलं आहे.

त्याला कारण माझं गाव. वडसा म्हणा, देसाईगंज म्हणा. एकाच गावाची ही दोन नावं. इथून समुद्र दिसायचा प्रश्नच नाही, आमचं पाणी म्हणजे वैनगंगा. पण परक्या माणसांचा हंगाम काय असतो ते वडशाला कुणी शिकवायला नको. दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांचा सिझन लागतो, आणि पुण्या-मुंबईपासून नागपुरापर्यंतचे नट-नट्या, वादक, नाच करणाऱ्या मुली इथे खोल्या घेऊन राहतात. एकमेकांना कालपर्यंत न ओळखणारी ही माणसं चार महिने एका गाडीत बसतात आणि एका ताटात जेवतात. त्यामुळे परदेशी पोरं गोव्यात येऊन एकमेकांची जिवलग कशी झाली, हे वाचताना मला नशापाण्यापेक्षा बारीकसारीक गोष्टींची उत्सुकता. स्वयंपाक कोण करत होतं? पत्र कुठे येत होतं? आणि घरमालकीण काय म्हणत होती?

इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली हा रस्ता वाचकांना ठाऊक आहे. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो बंद पडला. माझ्या दृष्टीने खरा मजेचा टप्पा दिल्लीच्या पुढचा, मुंबईचा. भाऊच्या धक्क्यावरून पणजीला आगबोट सुटे. ‘कोकणसेवक’ आणि ‘कोकणशक्ती’ ही नावं जुन्या कोकणवासीयाला अजून सांगावी लागत नाहीत. प्रवास जवळजवळ एका दिवसाचा, पावसाळ्यात बंद. डेकचं तिकीट सगळ्यात स्वस्त. म्हणजे रत्नागिरी-मालवणकडे निघालेला चाकरमानी, त्याची वळकटी, आणि शेजारी केस वाढवलेला, गिटार घेतलेला परका पोरगा अशी ती पथारी. रात्रभर दोघं त्याच फळ्यांवर झोपत. मराठी माणसाने हिप्पी पहिल्यांदा जवळून पाहिला तो बहुधा असा. पडद्यावरचा हिप्पी मात्र आपल्याला देव आनंदने १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’त दाखवला, तोही काठमांडूचा, आणि पुढची पन्नास वर्षं आपण त्या एका चित्रपटावर भागवली.

काठमांडूचा संबंध खोटा नव्हता. थंडीत गोवा, उन्हाळ्यात नेपाळ किंवा हिमाचल, असं या मंडळींचं चक्र होतं. एडीही त्याच चक्रात फिरे. आधी कळंगुट, तिथे गर्दी झाली तशी ही मंडळी उत्तरेला सरकत हणजुण्याला आली. तेव्हाच्या हणजुण्यात विहिरीचं पाणी, रॉकेलचे दिवे, आणि परसातला संडास असा की खाली डुकरं वाट बघत असायची. मडक्यातली लापशी ढवळत एडी दारात बसे, आणि नव्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी पंधरा-वीस ओळखी मिळत. नाव विचारायचं, कुठून आलास विचारायचं, भांडं पुढे करायचं, झालं. ओळख करून देण्याचा एवढा स्वस्त कारखाना मी दुसरा वाचलेला नाही.

आता दुसरी बाजू, जी या आठवणींच्या पुस्तकांत फार कमी येते. ती ओसरी कुणाची होती? हणजुण्यात एवढी घरं रिकामी कशी सापडली?

याचं उत्तर मुंबईत आहे, धोबीतलावला. हणजुण्याच्या बार्देस तालुक्यातली घरंच्या घरं कित्येक पिढ्या बाहेर होती: कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी आखातात, कुणी बोटीवर खलाशी, खानसामा, बटलर. बोटीवरच्या माणसाला गोव्यात तारवटी म्हणतात. बोट मिळेपर्यंत मुंबईत राहायचं कुठे, तर गावाच्या कुडीत. मुंबईत गोवेकरांच्या अशा शेकडो कुडी होत्या, बहुतेक एकेका गावाची एकेक. धोबीतलावच्या जेर महालात काही अजून टिकून आहेत. लांबच लांब खोली, भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, झोपायला जमिनीवर चटई, एका टोकाला वेदी. संध्याकाळी रोझरीला सगळ्यांनी हजर राहायचं. गावच्या फेस्ताच्या दिवशी तिथेच फेस्त. भाडं नाममात्र. घरचं पत्र कुडीच्या पत्त्यावर यायचं आणि माणूस बोटीवर असला तर त्याची वाट पाहत पडून राहायचं. आज होस्टेल म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं कुडीत होतं, वर शिस्त आणि देवही होता. आपल्याकडे मात्र बॅकपॅकर म्हटलं की गोरा माणूस डोळ्यांपुढे येतो. पाठीवर बोचकं टाकून परक्या बंदरात ओळखी जोडणं हे गोवेकराने त्याच्या कितीतरी आधी केलं होतं. पण त्याच्या पाठीवर पेटी होती आणि तो घरी पैसे पाठवत होता, म्हणून त्याला कुणी भटक्या म्हटलं नाही.

हणजुण्यात ‘जो बनाना’ नावाने ओळखलं जाणारं एक घर होतं, चहा-फराळाचं दुकान आणि ओसरी असं. फ्रीक मंडळींची (ते स्वतःला हिप्पी म्हणवत नसत) परदेशातली पत्रं तिथे येत, आणि ज्याचं त्याने चाळून न्यायची. हे वाचलं तेव्हा मला कुडीतल्या त्या पत्रांची आठवण झाली. माझा तर्क असा की हणजुण्याने या पोरांना एवढं सोसलं, त्यात भाड्याचा वाटा मोठा असला तरी तो एकटा नसावा. ज्या गावातल्या घराघरातला कुणी ना कुणी परक्या शहरात चटईवर झोपून बोटीची वाट पाहत आला आहे, त्या गावाला ठाऊक असतं की अशा माणसाला काय लागतं: पाठ टेकायला जागा, सामान ठेवायला कोपरा, आणि एक पत्ता. पुरावा म्हणून माझ्याकडे कागद नाही. पण कुडीतली आणि ओसरीवरची ही पत्रं शेजारी ठेवली की मला तरी दुसरं काही सुचत नाही.

या काळाचं सगळ्यात स्पष्टवक्तं पुस्तक क्लिओ ओडझरचं, ‘गोवा फ्रीक्स’. न्यूयॉर्कची ही मुलगी सत्तरच्या दशकाच्या मध्याला हणजुण्याला आली; पुस्तक निघालं १९९५ साली. त्याआधी ती मानववंशशास्त्राची डॉक्टर झाली होती, बँकॉकच्या पॅटपाँग भागातल्या वेश्याव्यवसायावर तिने काम केलं होतं. २००१ साली ती गोव्यातच वारली. पुस्तक वाचताना अंगावर येतं ते तिचं खरं बोलणं. गोव्यातल्या हिवाळ्याचा खर्च भागवायला ही मंडळी पावसाळ्यात काय करत, तर अमली पदार्थांची ने-आण. पहिल्या प्रकरणांतली जिवाभावाची टोळी पुढे पुढे हेरॉइनने आणि उधारीने पोखरत जाते. ज्याच्या ओसरीवर रात्री काढल्या, त्याच्याच दारात पैशांसाठी तगादा. गोव्यातल्या मैत्रीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने ही उत्तरार्धाची पानं वाचावीत.

आणि गावकरी? ते तिच्या पुस्तकात येतात ते बहुतेक घरमालक म्हणून, मोलकरीण म्हणून, दुकानदार म्हणून. तिच्यासारख्या मानववंशशास्त्र शिकलेल्या बाईलाही घरमालकिणीच्या बाजूने एखादं प्रकरण लिहावंसं वाटलं नाही, हे मला खटकतं. विहिरीवर उघडीनागडी अंघोळ करणारी पोरं पाहून हंडा घेऊन आलेल्या बाईने काय केलं असेल? ती परत गेली असेल, की उभी राहून खडसावलं असेल? दोन्ही शक्य आहे. आपलीही बाजू स्वच्छ नाही. पुढे याच किनाऱ्यावर महाराष्ट्र-कर्नाटकातून बसच्या बस ‘नागडे गोरे’ पाहायला जाऊ लागल्या, त्यांत आपल्याकडच्या सहलीही होत्या. परक्याशी मैत्री करण्याची ती आपली तऱ्हा.

१९७५च्या सुमाराला एडीच्या पुढाकाराने हणजुण्यात बुधवारचा बाजार सुरू झाला असं सगळे सांगतात. कल्पना साधी: परतीचे पैसे संपलेल्याने जीन्स, कॅसेट, कॅमेरा, झोपायची पिशवी, जे असेल ते चादरीवर मांडायचं. विकणारे तेच, घेणारेही तेच. आज तिथे शेकडो दुकानं लागतात आणि विकणारे आहेत काश्मिरी, तिबेटी, राजस्थानी, आणि आरशांची भरतकामं घेऊन बसलेल्या लमाणी बायका. आमच्यापासून फार लांब नसलेल्या गोठणगावला सत्तरच्या दशकापासून तिबेटी वसाहत आहे, त्यामुळे तिबेटी चेहरा आणि त्यांची ती न ओरडता भाव सांगायची पद्धत मला ओळखीची. हणजुण्याच्या बाजारात समुद्राकडे पाठ करून मी त्यांच्याशीच अधिक बोललो. गिऱ्हाईक नसलं की ही माणसं एकमेकांच्या डब्यातलं खातात, एकमेकांची पोरं सांभाळतात. एडीच्या ओसरीवरचं जे काही त्या बाजारात उरलं असेल, ते मला दुकानांच्या मागच्या बाजूला दिसलं.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो कुठल्याही किनाऱ्याचा असतो. १९७३ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर यांनी आशिया स्वस्तात कसा हिंडावा याचं पातळ पुस्तक काढलं, १९८१ साली त्यांचा भारतावरचा जाडजूड ग्रंथ आला, आणि वाट विचारायची गरज संपली. १९७४ साली आग्वादच्या किल्ल्यात ताजचं हॉटेल झालं. १९८३ साली राष्ट्रकुलातल्या देशांचे प्रमुख तिथे विश्रांतीला आले. ऐंशीच्या दशकात चार्टर विमानं, १९९८ साली कोकण रेल्वे, आता मोपाचा विमानतळ. आज हणजुण्याच्या होस्टेलात पुण्या-बंगळुरूची संगणकवाली पोरं असतात. मैत्रीसाठी संध्याकाळी साडेसातचा कार्यक्रम असतो, फळ्यावर लिहिलेला. गट करून खेळ, मग गट करून पब. पोरं वाईट नाहीत, मोकळी आहेत. पण रविवारी रात्रीची परतीची बस ठरलेली, आणि मोबाइल असल्याने पत्राची वाट पाहायची नाही, पैसे आहेत म्हणून लापशीच्या मडक्यापाशी बसायचं नाही. ज्यांना एकमेकांवाचून काहीच अडत नाही, त्यांची मैत्री नंबर घेण्यापर्यंत जाते आणि थांबते.

वडशाचं पाहा. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात, पुढे शंकरपट, आणि प्रत्येकाबरोबर नाटक. मंडळांची कार्यालयं वडशात, पाट्या रस्त्यावर. दिवेलागणीला गाड्या निघतात. कधी कुरखेड्याकडे, कधी पार सिंदेवाहीच्या पुढे. पडदा रात्री उशिरा वर जातो आणि भैरवी होते तेव्हा उजाडलेलं असतं. परतताना गाडीत झोप, खोलीवर आल्यावर झोप, दुपारी उठून भाजी कुणी आणायची यावर वाद. मुंबईहून पहिल्यांदाच आलेली नटी पहिल्या आठवड्यात रडते, तिसऱ्या आठवड्यात घरमालकिणीकडून पोह्यांत ओली तूर घालायला शिकते. होळीच्या आसपास सगळे पांगतात. ‘सिझनची ओळख’ म्हणतात तिला इथे, जरा हिणवून. पण त्यातल्या कित्येक ओळखी पुढच्या सिझनला नेमकी तीच खोली, तीच गाडीतली जागा मागतात. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. खोल्या देणाऱ्यांकडे अजून गेलेलं नाही.

म्हणून माझं मत सांगून टाकतो. समुद्राचा यात हात थोडा. मोकळा वेळ, एकमेकांवाचून अडणं, कुणीतरी पेटती ठेवलेली चूल, आणि हे सगळं सोसणारं गाव, एवढं असलं की मैत्री वैनगंगेच्या काठीही होते. हे नसलं तर वाळू कितीही पांढरी असो, ओळखीपलीकडे काही होत नाही.

एडीच्या आठवणी ‘माय राईज टू रिलेटिव्ह ऑब्स्क्युरिटी’ या नावाने लिहिलेल्या आहेत. क्लिओचं पुस्तक आहे, फोटो आहेत, माहितीपट आहेत. पण ज्यांनी त्यांना खोल्या दिल्या, उधारीवर पाव-अंडी दिली, आजारपणात म्हापशाच्या डॉक्टरकडे नेलं, किंवा वैतागून घराबाहेर काढलं, त्यांची बाजू फार थोडी लिहिली गेली आहे. सत्तर साली विशीत असलेली ती माणसं आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. हा अंक बार्देसमध्ये कुणाच्या हाती पडला, आणि घरात अशी आजी किंवा काका असतील, तर कोकणीत असो, मराठीत असो, त्यांच्यासमोर बसा आणि लिहून घ्या. भाडं किती होतं इथपासून सुरुवात करा. वडशातल्या घरमालकिणींचं लिहून घ्यायचं काम मी या सिझनला सुरू करतो आहे.