तुकडा, मेण आणि रंग : तपासणीच्या प्रयोगशाळेतील कारागिरी

डॉक्टर "तुकडा तपासायला पाठवा" म्हणतात, तेव्हा त्या तुकड्याचे पुढे काय होते हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हांलाही ठाऊक नव्हते. दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंच्या गालाच्या आत जखम झाली. गादीवर बसून तंबाखू धरण्याची त्यांची जुनी सवय होती. एका दवाखान्यात तुकडा काढला, सलाइनच्या बाटलीत टाकला आणि आमच्या हाती दिला. दुकानाच्या गर्दीत तो दोन दिवस कपाटात राहिला. तिसऱ्या दिवशी खामगावहून अकोल्याला पोहोचवला, तेव्हा प्रयोगशाळेतून उत्तर आले की तुकडा सडला आहे, पुन्हा काढावा लागेल. दुसरा रिपोर्ट येऊन इलाज सुरू होईपर्यंत तीन आठवडे गेले. चूक दवाखान्याची होती तशी आमचीही होती. पुढे तेथील टेक्निशियनने आम्हांला सगळे काम उभे राहून दाखवले, तेव्हा आमच्या लक्षात आले की हा तर निम्मा आपलाच धंदा आहे.

पहिली गोष्ट, अंगातून निघालेला तुकडा त्या क्षणापासून बिघडू लागतो. त्याला जसाच्या तसा थांबवण्याचे काम फॉर्मेलिन करते. ते कातड्यासारखे आतले धागे एकमेकांस बांधून टाकते. साधारण दहा टक्क्यांचे द्रावण वापरतात आणि ते तुकड्याच्या किमान दहापट हवे. सलाइन, साधे पाणी किंवा बर्फ हे काम करत नाहीत. बाटली रुंद तोंडाची घ्यावी, कारण फॉर्मेलिनमध्ये तुकडा कडक होतो, अरुंद तोंडातून घातलेला मग निघत नाही. नाव व तारीख बाटलीवर लिहावी, झाकणावर नव्हे. झाकणे टेबलावर अदलाबदल होतात, हे कोणत्याही दुकानदाराला सांगायला नको. (हेच रसायन सुरकुती न पडणाऱ्या कापडाच्या फिनिशिंगमध्येही असते. नवी गाठ सोडताना डोळे चुरचुरतात ते पुष्कळदा त्यामुळेच. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरले, म्हणून हवा खेळती ठेवूनच काम करावे.)

प्रयोगशाळेत आल्यावर तुकड्याला नंबर पडतो आणि तो नंबर शेवटपर्यंत सुटत नाही. जाळीच्या लहान डबीवर तो पेन्सिलीने लिहितात. शाई का नाही, असे आम्ही विचारले. पुढच्या अल्कोहोलात आणि झायलीनमध्ये शाई धुऊन जाते, पेन्सिल जात नाही. आमच्याकडे धोबी बिब्ब्याने कपड्यावर खूण करीत, ती कितीही भट्ट्या दिल्या तरी जात नसे. हिशेब तोच. शंभर घरांचे कपडे एका हौदात गेले तरी सदरा आपल्याच घरी आला पाहिजे.

नंतर तुकड्यातले पाणी काढायचे. सत्तर टक्के, मग नव्वद, मग शंभर टक्के अल्कोहोल, असे चढत्या क्रमाने बुडवतात. एकदम तीव्रात टाकला तर आकसतो. अल्कोहोलानंतर झायलीन, कारण मेण अल्कोहोलात मिसळत नाही, झायलीनमध्ये मिसळते. शेवटी साधारण साठ अंशांचे वितळलेले पॅराफिन मेण आत शिरते आणि थंड झाल्यावर तुकड्याचा चौकोनी ठोकळा, म्हणजे ब्लॉक, तयार होतो. एवढ्यात रात्र जाते. "रिपोर्ट आजच द्या" म्हणून खिडकीशी भांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हाड असेल तर आधी आम्लात त्याचा चुना काढावा लागतो, त्याला आणखी दिवस लागतात.

खरी हातोटी कापण्यात. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉनचे काप निघतात. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज करावा. काप एकापुढे एक चिकटून त्यांची फीत होते, ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडतात आणि काचेवर अलगद उचलून घेतात. पाते बोथट असेल तर कापावर रेघा उठतात, जशा बोथट कात्रीने रेशीम ओरबाडते. प्रत्येक ब्लॉकनंतर ते पाणी पुसून साफ करतात. एकाचा कण दुसऱ्याच्या काचेवर गेला तर निरोग्याला कॅन्सर ठरायचा.

आता रंग. बिनरंगाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास दिसतच नाही. पहिला रंग हिमॅटॉक्सिलिन. तो मध्य अमेरिकेतील लॉगवुड झाडाच्या लाकडातून निघतो आणि युरोपात शतकानुशतके कापड काळे रंगवण्यास वापरला गेला. एकटा तो पक्का बसत नाही, त्याला तुरटी लागते. रंगरेज मंडळी हे वाचून हसतील, कारण वऱ्हाडात आलीच्या मुळ्यांचा लाल रंगही तुरटीवाचून कापडावर धरत नसे. दुसरा रंग इओसिन, तो जर्मनीत 1870 नंतरच्या दशकात निघालेला रासायनिक रंग. 1856 साली पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला, त्यानंतर निघालेल्या रंगांच्या लाटेतला तो एक. ज्या लाटेने आल आणि नीळ यांचा बाजार बुडवला, तिनेच डॉक्टरांच्या हाती हा रंग दिला.

हिमॅटॉक्सिलिन आधी जास्त चढवतात, मग आम्ल घातलेल्या अल्कोहोलात क्षणभर बुडवून फालतू रंग उतरवतात, आणि नळाच्या पाण्यात धरतात. त्या क्षारयुक्त पाण्यात लालसर रंग डोळ्यांदेखत निळा होतो. पाणी मऊ असेल तर अमोनियाचे थेंब टाकतात. पाणी बदलले की छटा बदलते ही रंगाऱ्याची तक्रार आम्ही तीस वर्षे ऐकत आलो, तिथे पुन्हा ऐकली. मग इओसिन दिला की पेशीचे केंद्र निळे आणि बाकी भाग गुलाबी दिसतो. निळी केंद्रे मोठी, वेडीवाकडी, दाटीने भरलेली दिसली की डॉक्टरांचे डोळे थांबतात. रंग कच्चा उतरला तर डॉक्टर कितीही हुशार असो, पाहणार काय?

हे काम शिकण्यास लॅब टेक्निशियनचा कोर्स असतो. ज्या घरात हाताची सफाई पिढीजात आहे, तेथील मुलामुलींनी त्याकडे पाहावे. अकोल्यात 2002 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि 2024 साली बुलढाण्यातही सुरू झाले.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. रिपोर्ट दिल्यावर ब्लॉक फेकत नाहीत, राखून ठेवतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असेल तर पुन्हा तुकडा काढण्याची गरज बहुधा पडत नाही. पावती देऊन ब्लॉक आणि काचा मागता येतात. बंधूंना मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला नेताना आम्ही तेच केले. तिथेही त्यांनी आधी ब्लॉक आणि काचाच मागितल्या. मे महिना होता. टेक्निशियनने डबी हातात देताना बजावले, "चाचा, गाडीत काचेपाशी उन्हात ठेवू नका, मेण नरम पडते." आम्ही ती स्टेशनपर्यंत कापडाच्या चार घड्यांत गुंडाळून मांडीवर धरून नेली.