किल्ल्यावरची आग, पण जाळाविना

दिवाळी जवळ आली, की अंगणात मातीचे किल्ले उभे राहू लागतात. दगड, चिखल आणि पोत्याचे तुकडे यांचा डोंगर होतो. उतारावर हळीव, मोहरी पेरून हिरवळ धरतात. पुढे मुलांना लढाईचा देखावा हवा असतो, जळता वाडा हवा असतो. मग कापूर, मेणबत्ती किंवा रॉकेलचा बोळा शोधला जातो. इथेच घरातल्या मोठ्यांनी लक्ष घालावे. याच दिवसांत सोयाबीनची सुडी, बाजरीचे सरमड घराजवळ असते. एक ठिणगी पुरते.

खरी ज्योत लहान होत नाही

शिवाय, खऱ्या ज्योतीने देखावा खरा दिसतही नाही. अडीच इंचाचा मावळा साडेपाच फुटी माणूस मानला, तर किल्ल्यावरचा एक इंच म्हणजे सुमारे दोन फूट. पेटलेल्या वाड्याच्या वीस फुटी ज्वाळा दाखवायला नऊ इंच उंची लागेल. पणतीची ज्योत इंचभर, स्थिर आणि निमुळती असते. मोठ्या आगीच्या ज्वाळा फाटतात, वळतात, धुरात मिसळतात. म्हणून वाड्यात पणती ठेवली, तर ती पणतीच दिसते.

रायगडाचा देखावा

मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने रायगडावर आग लागली. लाकडी बांधकाम जळून गेले, दगडी जोती मात्र आजही दिसतात. देखाव्यातही हाच भेद दाखवावा : दगड काळवंडतो, लाकूड जळते.

वाड्याचे जोते चपट्या दगडांचे करावे. खांब व तुळयांसाठी तुरकाठीचे तुकडे घ्यावेत. कोळशाची पूड डिंकात कालवून त्यांना लावावी. काही तुळया मोडून आडव्या टाकाव्यात. काजळी खिडक्यांच्या व दारांच्या वरच्या बाजूस लावावी, कारण धूर वर जातो. चुलीची चाळलेली राख जमिनीवर भुरभुरावी.

उजेड आणि ज्वाळा

विजेच्या सामानाच्या दुकानातून मेणबत्तीसारखे लुकलुकणारे दोन पिवळे एलईडी, एक साधा लाल एलईडी, ६८ ओहमचे तीन रेझिस्टर आणि दोन पेन्सिल सेलचे घर आणावे. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर जोडावा. एलईडीचा लांब पाय अधिक बाजूस येतो. लाल दिवा निखाऱ्यासाठी खाली ठेवावा, पिवळे दोन्ही वर. दोघांचे लुकलुकणे जुळत नाही, म्हणून उजेड आगीसारखा अनियमित होतो.

दिव्यांवर पिंजलेला कापूस विरळ पसरावा. बुडाशी पिवळसर, मध्ये नारिंगी, टोकाला लाल असा रंग हलक्या हाताने द्यावा. पुष्कळजण बुडाशी लाल व टोकाला पिवळा रंग देतात. आगीचा सर्वांत तेजस्वी भाग खाली असतो, टोकाकडे रंग गडद होत जातो. त्यावर कोळशाची पूड लावलेला कापूस धुरासारखा ओढावा. धूर वाऱ्याच्या एकाच दिशेला झुकलेला असावा. तटाच्या आगीकडील बाजूला थोडा नारिंगी रंग दिला, की तांबूस उजेड पडल्याचा भास होतो.

हळीवाला पाणी घालावे लागते, म्हणून सेलचे घर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओल्या मातीबाहेर ठेवावे.

हे पाळावे

कापूस लगेच पेट घेतो, म्हणून पणत्या, उदबत्त्या आणि फटाके देखाव्यापासून दूर ठेवावेत. तारांचा घरातील विजेशी संबंध येऊ देऊ नये.

लुकलुकणारे तयार दिवे आणल्यास त्यांतील चपट्या बटण सेलकडे लक्ष द्यावे. लहान मुलाने तो गिळला, तर अन्ननलिका दोन तासांतही गंभीर भाजू शकते. अशी शंका आली, तरी उलटी करवू नये. मुलाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. घरात तान्ही मुले असतील, तर पेन्सिल सेलच बरे.

संध्याकाळी अंगणातला मोठा दिवा मालवून देखावा पाहावा. अंधारात आग जिवंत वाटते, मुलांची हौस भागते, आणि सुडी व गोठा सुखरूप राहतो.