खून कशास म्हणावे?

माणसाने माणसास मारले की लोकभाषा त्या कृत्यास एकच नाव देते : खून. कायदा मात्र इतक्या घाईने बोलत नाही. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि सर्वतोमुखी झालेले ३०२ कलम १०३ झाले. आकडा बदलला, त्यामागील विवेक बदलला नाही.

नारायणगडाच्या परिसरातील एखाद्या शेताचा बांध डोळ्यांपुढे आणावा. कोणी कुऱ्हाड उगारून अंगावर आला, पोलिसांकडे धाव घेण्यास अवधी नव्हता आणि जीव वाचविण्यापुरत्या घातलेल्या घावाने तो मेला, तर तो गुन्हाच नव्हे. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाने भान हरपून तत्क्षणी घाव घातला, तर तो खुनाहून खालच्या पायरीचा सदोष मनुष्यवध. परंतु घरी जाऊन, कुऱ्हाडीस धार लावून, सायंकाळी वाट अडवून मारले, तर तो खूनच. मग अपमान कितीही जिव्हारी लागलेला असो.

बांधावरील शेतकऱ्यास जो नियम, तोच मुंबईतील नौदल अधिकाऱ्यासही. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने परपुरुषाशी असलेल्या संबंधाची कबुली दिल्यावर कमांडर नानावटी ह्यांनी तिला व मुलांना चित्रपटगृहात पोचविले, खोटे कारण सांगून जहाजावरून रिव्हॉल्व्हर मिळविले आणि प्रेम आहुजा ह्यांस घरी गाठून गोळ्या घातल्या. लोकांची सहानुभूती नानावटींकडे होती. ज्यूरीनेही आठ विरुद्ध एक मताने त्यांस निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांस तो कौल मान्य झाला नाही. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली व २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घर सोडल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास लोटले होते. संताप आवरण्यास तेवढा अवधी पुरेसा होता, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. १९६४ साली राज्यपालांनी नानावटींस क्षमा केली हे खरे. पण क्षमा ही दया आहे, कृत्याचे समर्थन नव्हे.

आजही एखाद्या हत्येची वार्ता येताच ‘बरे झाले, त्याची तीच लायकी होती,’ असे उद्गार सुशिक्षितांच्या बैठकीतही ऐकू येतात. आम्हांस त्यांची चिंता वाटते. मृत मनुष्य कसा होता हा कायद्याचा प्रश्न नाही. मारणाऱ्यापुढे त्या घटकेस दुसरा मार्ग होता की नव्हता, हा आहे. मरणाची लायकी चावडीवर वा दिवाणखान्यात ठरू लागली, तर ती ठरविणाऱ्यांचाही जीव सुरक्षित राहणार नाही.